निसर्गचित्रातील ‘आत्मा’ : १८७१चे फिरते प्रदर्शन आणि निसर्गभावाची घडण

१

निसर्गाविषयी माणसाला वाटणारी ओढ सहज, स्वयंभू आणि कालनिरपेक्ष असते असे गृहीत धरून निसर्गकवितेची आणि निसर्गचित्रांची बरीचशी चर्चा केली जाते. कवी वा चित्रकार निसर्गासमोर उभा राहतो, त्याच्या मनात एखादा भाव जागा होतो, तो शब्दांत वा रंगांत उतरतो आणि सहृदयाला त्याचा प्रत्यय येतो, अशी ही मांडणी असते. तिच्यात दोनच पक्ष असतात : निर्माता आणि आस्वादक. या दोघांची गाठ जेथे पडते ते स्थळ, ज्या व्यवस्थेमुळे ती पडते ती व्यवस्था, आणि एका कृतीच्या शेजारी ठेवलेल्या इतर कृतींमुळे तिच्या अर्थात पडणारा फरक यांना या मांडणीत जागा मिळत नाही. परिणामी निसर्गभावालाही इतिहास असतो, ही गोष्ट नजरेआड होते.

हे गृहीत तपासून पाहण्यासाठी एकोणिसाव्या शतकातील रशियातल्या एका समूहप्रदर्शनाचा इतिहास उपयोगी पडतो. २९ नोव्हेंबर १८७१ रोजी (ही तारीख जुन्या रशियन कालगणनेची, नव्या गणनेनुसार ११ डिसेंबर) सेंट पीटर्सबर्ग येथील शाही कला अकादमीच्या दालनांत ‘फिरत्या कलाप्रदर्शनांच्या मंडळा’चे पहिले प्रदर्शन उघडले. या मंडळातील चित्रकार पुढे ‘पेरेद्विज्निकी’, म्हणजे फिरते चित्रकार, या नावाने ओळखले गेले. प्रदर्शनात पन्नासाहून थोडी कमीच चित्रे होती. त्यांत इतिहासचित्रे होती, व्यक्तिचित्रे होती, ग्रामजीवनाची दृश्ये होती आणि निसर्गचित्रेही होती. निसर्ग हा या प्रदर्शनाचा जाहीर विषय नव्हता. तरीही निसर्गचित्रात झाडे, पाणी आणि हवा हे सारे असूनही काहीतरी उणे राहू शकते, आणि ते उणे राहणारे काय, हा प्रश्न रशियन कलाविचारात ठसठशीतपणे उभा राहिला तो या भिंतींसमोर. तो येथेच का उभा राहिला आणि त्याच्या उत्तराचे पुढे काय झाले, हे पाहणे उद्‍बोधक ठरते.

२

पीटर्सबर्गच्या अकादमीत चित्रप्रकारांची उतरंड पक्की होती. बायबल, पुराणकथा आणि प्राचीन इतिहास यांवरील चित्र सर्वांत वरचे. निसर्गचित्राचे स्थान त्याच्या बरेच खाली. शिवाय चित्रात घेण्याजोगा निसर्ग इटलीच्या उन्हात किंवा आल्प्सच्या कड्यांवर असतो, अशी रूढ समजूत होती. शिष्यवृत्ती मिळवणारे विद्यार्थी इटलीची वाट धरीत. रशियन खेड्यातील वितळणारे बर्फ, सपाट माळ, कुडाची कुंपणे यांना ‘दृश्य’ म्हणण्याची रीत नव्हती. अलेक्सेय सव्रासोव्ह (१८३०–१८९७) हा प्रस्तुत विवेचनाच्या केंद्रस्थानी असलेला चित्रकारही आरंभी आलेक्सांद्र कालाम या स्विस चित्रकाराच्या पर्वतचित्रांच्या प्रभावाखाली होता, आणि १८६२मध्ये त्याने इंग्लंड आणि स्वित्झर्लंड पाहिले होते.

या उतरंडीला पहिला उघड धक्का ९ नोव्हेंबर १८६३ रोजी बसला. सुवर्णपदकाच्या स्पर्धेसाठी अकादमीने त्या वर्षी स्कॅन्डिनेव्हियन पुराणकथेतील वाल्हाला येथील मेजवानीचा विषय दिला होता. चौदा विद्यार्थ्यांनी विषय निवडण्याचे स्वातंत्र्य मागितले, ते नाकारले गेल्यावर स्पर्धेत भाग घेण्याचे नाकारले आणि ते अकादमीतून बाहेर पडले. त्यांचा अग्रणी इवान क्राम्स्कोय. या मंडळींनी सहकारी तत्त्वावर ‘आर्तेल’ स्थापन केले. एकत्र राहणे, एकत्र कामे मिळवणे आणि उत्पन्न वाटून घेणे हे त्याचे स्वरूप. काही वर्षांत ते क्षीण झाले. तथापि १८६९मध्ये ग्रिगोरी म्यासोयेदोव्ह याने फिरत्या प्रदर्शनांची कल्पना पुढे मांडली, पीटर्सबर्ग आणि मॉस्को या दोन्ही शहरांतील चित्रकार तिच्याभोवती एकत्र आले आणि २ नोव्हेंबर १८७० रोजी मंडळाच्या नियमावलीला सरकारी मान्यता मिळाली.

नियमावलीत तीन उद्देश नमूद होते. प्रांतांतील रहिवाशांना रशियन कलेचा परिचय करून घेण्याची व तिच्या प्रगतीचा मागोवा घेण्याची संधी देणे हा पहिला, समाजात कलेची आवड वाढवणे हा दुसरा, आणि चित्रकारांना आपल्या कृती विकणे सुकर करणे हा तिसरा. यांतील तिसरा उद्देश अनेकदा दुर्लक्षिला जातो. परंतु निसर्गचित्राच्या दृष्टीने तोच निर्णायक म्हणावा लागेल. दरबाराला इतिहासचित्र हवे होते, चर्चला धर्मचित्र हवे होते, सरदाराला स्वतःचे व्यक्तिचित्र हवे होते. चिखलातल्या खेड्याचे चित्र कोणालाच हवे नव्हते. तिकीट काढून येणारा शिक्षक, वैद्य, कारकून, व्यापारी असा नवा प्रेक्षक उभा राहिला तेव्हाच अशा चित्राला पाहणारा मिळाला, आणि पाव्हेल त्रेत्याकोव्हसारखा संग्राहक पुढे आला तेव्हा घेणाराही. पीटर्सबर्गमध्ये अकरा हजारांहून अधिक लोकांनी हे प्रदर्शन पाहिले. १८७२मध्ये ते मॉस्कोत आणि आज युक्रेनमध्ये असलेल्या कीव्ह व खार्कोव्ह या शहरांत गेले. गेल्या काही वर्षांत टाकलेल्या लोहमार्गांमुळेच चित्रांचा असा प्रवास शक्य झाला होता.

निसर्गाशी असलेले भावनिक नाते ही खाजगी, एकांतातील गोष्ट मानली जाते. येथे मात्र ती नियमावली, तिकीट, लोहमार्ग आणि दालनाची भिंत यांच्या आधाराने सार्वजनिक झाली, हे प्रथम लक्षात घ्यावे लागते.

३

प्रदर्शनातील सर्वाधिक गाजलेले चित्र निकोलाय गे याचे होते : पीटरहॉफच्या महालात झार पीटर आपला पुत्र अलेक्सेय याची चौकशी करीत आहे. त्याच्या तुलनेत निसर्गाशी संबंध असलेली चित्रे शांत होती. पण ती एकमेकांशेजारी ठेवून पाहिली असता निसर्गाशी नाते जोडण्याच्या किमान चार तऱ्हा त्या एकाच प्रदर्शनात नांदत होत्या असे दिसते.

वासिली पेरोव्हच्या ‘शिकाऱ्यांची विश्रांती’ या चित्रात शरद ऋतूतील उजाड माळावर तीन शिकारी बसले आहेत. वयस्क शिकारी हातवारे करीत आपल्या पराक्रमाची कथा सांगतो आहे, तरुण भान हरपून ऐकतो आहे, आणि तिसरा कान खाजवीत मिस्कीलपणे हसतो आहे. समोर मारलेली शिकार पडली आहे. माळ, थंड उजेड आणि वाळलेले गवत बारकाईने रंगवले असले तरी चित्राचा विषय माणसांचा स्वभाव हा आहे. साल्तिकोव्ह-श्चेद्रिन याने ‘ओतेचेस्त्वेन्निये झापिस्की’ या नियतकालिकात लिहिलेल्या परीक्षणात या चित्रावर नेमका आक्षेप घेतला : जणू एखादा नट प्रेक्षकांकडे वळून हा थापाड्या आहे आणि हा भोळा आहे, असे बाजूला सांगत असावा, तसा कृत्रिमपणा त्याला येथे जाणवला.

क्राम्स्कोयचे स्वतःचे ‘मे महिन्यातील रात्र’ हे चित्र गोगोलच्या कथेवर आधारलेले आहे. तळ्याच्या काठी चांदण्यात बुडून मेलेल्या मुलींच्या छाया बसल्या आहेत. येथे निसर्गाला भाव आहे, पण तो लोकसमजुतीच्या आणि साहित्याच्या मध्यस्थीने आलेला आहे. मुली वगळल्या तर चांदणे उरेल, मात्र त्यातील गूढता कितपत उरेल हे सांगणे कठीण.

इवान शिश्किन, क्लोट आणि बोगोल्युबोव्ह यांच्या चित्रांत तिसरी तऱ्हा दिसते. तेथे निसर्ग हा ज्ञानाचा विषय आहे. विशेषतः शिश्किनला झाडाची साल, सुया, फांदीचा कोन यांची वनस्पतिशास्त्रज्ञासारखी जाण होती. त्याच्या चित्रातल्या रानात प्रेक्षक आदराने प्रवेश करतो. त्याला तेथे पुष्कळ काही ओळखता येते.

चौथी तऱ्हा सव्रासोव्हच्या ‘ग्राची प्रिलेतेली’ या चित्राची. ग्राच किंवा रूक हा कावळ्याच्या जातीचा, हिवाळ्यात दक्षिणेकडे जाऊन मार्चच्या सुमारास परतणारा पक्षी. तो परतला की वसंताची चाहूल लागली असे रशियन शेतकरी समजतो. चित्राच्या नावाचा अर्थ ‘रूक परत आले’ इतकाच आहे. उंची ६२ सेंटिमीटर आणि रुंदी ४८.५ सेंटिमीटर असे हे लहानसे चित्र कोस्त्रोमा प्रांतातील मोल्वितिनो या गावी मार्च १८७१मध्ये केलेल्या अभ्यासातून आकाराला आले. पुढच्या बाजूस मळलेले, भुसभुशीत झालेले बर्फ, त्यात वितळलेल्या पाण्याचे डबके, वेडेवाकडे वाढलेले बर्च वृक्ष, त्यांच्या शेंड्यांवर घरटी आणि घरट्यांभोवती पक्ष्यांची लगबग. एक पक्षी खाली चोचीत काटकी धरून उभा. त्यामागे कुंपण, बसकी घरे, चर्च आणि घंटेचा मनोरा. त्याही पलीकडे बर्फातून उघडी पडू लागलेली सपाट शेते. वर करडे आकाश, त्यात किंचित निळाई. माणूस कोठेही नाही. पक्ष्यांच्या हालचालीखेरीज काही घडतही नाही.

६ डिसेंबर १८७१ रोजी, म्हणजे प्रदर्शन उघडल्यानंतर आठवड्याभरात, क्राम्स्कोयने फ्योदोर वासिल्येव्ह या तरुण निसर्गचित्रकाराला पत्र लिहिले. क्षयाने आजारी असलेला वासिल्येव्ह तेव्हा क्रिमियात होता आणि प्रदर्शन पाहू शकत नव्हता. पत्रात क्राम्स्कोयने निसर्गचित्रांची तुलना केली आहे. सव्रासोव्हचे चित्र सर्वांत उत्तम आहे. इतरांच्या चित्रांत झाडे आहेत, पाणी आहे, हवासुद्धा आहे, परंतु आत्मा आहे तो एकट्या ‘रूक’मध्ये, असा त्याचा आशय.

या अभिप्रायातील ‘आत्मा’ हा शब्द इतका परिचित आहे की त्याची विचित्रता सहज लक्षात येत नाही. क्राम्स्कोय आत्म्याची व्याख्या करीत नाही. झाड, पाणी आणि हवा वजा केल्यावर जे उरते ते आत्मा, अशी त्याची व्यतिरेकाची पद्धत आहे. ही वजाबाकी करता येण्यासाठी झाडे, पाणी आणि हवा उत्तम साधलेली चित्रे शेजारच्या भिंतीवर असणे आवश्यक होते. चित्रकाराच्या कार्यशाळेत एकट्या ‘रूक’समोर उभे राहून हा निर्णय अशा स्वरूपात देता आला नसता. समूहप्रदर्शनाने तुलनेची जी सामग्री पुरवली, तिच्यातून ‘आत्मा’ ही समीक्षेची कोटी जन्माला आली. शिश्किनचे प्रभुत्व हीच सव्रासोव्हच्या चित्रातील भावाची मोजपट्टी ठरली.

४

या कोटीचे स्वरूप स्पष्ट करण्यासाठी भारतीय रसविचाराची परिभाषा साहाय्यक ठरते. रसव्यवस्थेत चंद्र, उद्यान, वसंत, मेघ यांची गणना प्राधान्याने उद्दीपन विभावांत होते. भाव जडतो तो आलंबनावर, आणि आलंबन बहुधा व्यक्ती असते. निसर्ग तो भाव चेतवतो. पेरोव्हच्या आणि क्राम्स्कोयच्या चित्रांतील निसर्ग या अर्थाने उद्दीपन आहे. ‘रूक’मध्ये मात्र दुसरे कोणतेही आलंबन उपलब्ध नाही. माळ, पक्षी आणि ओले बर्फ हेच आलंबन होतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की भावाचा आश्रयही चित्रात नाही. वसंताच्या चाहुलीने आनंदित झालेला वा व्याकुळ झालेला कोणी तेथे दाखवलेला नाही. आश्रयाची ही रिकामी जागा प्रेक्षकालाच घ्यावी लागते. निसर्गचित्रातील भाव प्रेक्षकाला इतका ‘स्वतःचा’ वाटतो याचे एक कारण या रचनेत आहे.

दुसरा मुद्दा चेतनारोपाचा. जॉन रस्किनने १८५६मध्ये ‘मॉडर्न पेंटर्स’च्या तिसऱ्या खंडात जड निसर्गावर मानवी भावना लादण्याच्या काव्यप्रवृत्तीचा दोष म्हणून परामर्श घेतला होता. मराठी अलंकारविचारातील चेतनगुणोक्ती याच प्रदेशातील. सव्रासोव्हच्या चित्रातील भाव या मार्गाने आलेला नाही. त्याची झाडे रडत नाहीत, आकाश उसासे टाकीत नाही. वाकडे बर्च हे वाकडे बर्चच राहतात. भाव निर्माण होतो तो वस्तूंच्या परस्परसंबंधांतून : परतलेले पक्षी, बांधली जात असलेली घरटी, जुना मनोरा, कुजट बर्फ आणि दूरची उघडी पडणारी शेते. या साऱ्यांत ‘अजून नाही, पण आता होईल’ अशी एकच काळाची जाणीव समान आहे. काव्यातील प्रतिमांच्या संदर्भात मर्ढेकरांनी योजलेली ‘भावनानिष्ठ समतानता’ ही संज्ञा येथे चपखल बसते. तर्काने असंबद्ध असलेल्या वस्तू भावनेच्या समान ताणामुळे एकत्र येतात.

चित्राचे चरित्रात्मक स्पष्टीकरण देण्याची प्रथा आहे. त्या हिवाळ्यात सव्रासोव्हचे कुटुंब यारोस्लाव्हल येथे होते आणि फेब्रुवारी १८७१मध्ये त्याची नवजात मुलगी दगावली. त्यानंतर अल्पावधीतच तो मोल्वितिनोस गेला. चित्रातील उदास कोवळीक या शोकातून आली असणे संभवनीय आहे. परंतु १८७१-७२मध्ये तिकीट काढून आलेल्या हजारो प्रेक्षकांना हा तपशील ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांच्यापैकी अनेकांना चित्र भिडले असेल तर ते चित्रकाराच्या दुःखाच्या माहितीमुळे नव्हे. म्हणून निर्मितीचे कारण आणि प्रत्ययाचे कारण यांत येथे फरक करणे आवश्यक ठरते, आणि प्रत्ययाचे कारण शोधताना प्रेक्षकाच्या घडणीकडे वळावे लागते.

५

हा प्रेक्षक प्रथम वाचक होता. लेर्मोंतोव्हने १८४१मध्ये ‘मातृभूमी’ ही कविता लिहून युद्धाच्या कीर्तीपेक्षा माळ, नद्यांचे पूर आणि बर्चची जोडी यांवर जडलेल्या, तर्काला न जुमानणाऱ्या प्रेमाची कबुली दिली होती. १८५२मध्ये तुर्गेनेव्हच्या ‘शिकाऱ्याच्या नोंदी’ पुस्तकरूपाने आल्या. त्याच वर्षी सेर्गेय अक्साकोव्हचे ओरेनबुर्ग प्रांतातील पक्षी आणि शिकार यांवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. पहाटेच्या दवाकडे, दलदलीवरून उठणाऱ्या पक्ष्याकडे, पावसानंतरच्या रस्त्याकडे लक्ष देण्याची सवय या गद्याने सुशिक्षित वाचकाला लावली होती. रूक परतल्याचे महत्त्व खेडुताला अनुभवाने कळत होते. शहरातील वाचकाला ते साहित्याने शिकवले होते. सव्रासोव्हच्या चित्राने नवी संवेदना शून्यातून निर्माण केली असे म्हणण्यापेक्षा, वीस वर्षे शब्दांत साठत आलेल्या संवेदनेला त्याने दृश्यरूप मिळवून दिले असे म्हणणे युक्त ठरेल.

तुर्गेनेव्हच्या नोंदींत निसर्गवर्णन आणि भूदासांची दैना एकमेकांपासून अलग करता येत नाहीत. भूदासपद्धती १८६१मध्ये रद्द झाली. परंतु मिळालेल्या जमिनीच्या मोबदल्याचे हप्ते शेतकऱ्यांच्या डोक्यावर बसले, आणि ती हप्तेबंदी १९०७पासूनच संपुष्टात आली. ‘रूक’मधील दूरवरची शेते ज्या वर्षी रंगवली गेली, त्या वर्षी त्या शेतांवरचे हप्ते दहा वर्षांचेही झाले नव्हते. चित्रात माणूस नाही, त्यामुळे हा प्रश्न चित्रात येत नाही. जमिनीचा धनी कोण हे न विचारता जमिनीवर प्रेम करण्याची मुभा निर्मनुष्य निसर्गचित्र प्रेक्षकाला देते. हा त्याचा दोष आहे असे सरसकट म्हणता येणार नाही. मात्र त्याच्या सामर्थ्याचा एक भाग या मौनातून आलेला आहे, हे नमूद करणे प्राप्त आहे.

हा भाव दुसऱ्या देशाच्या माणसाला कळेल काय, हा प्रश्न दोनच वर्षांत उपस्थित झाला. १८७३मध्ये व्हिएन्ना येथील जागतिक प्रदर्शनात पाठवायच्या रशियन चित्रांसंबंधी डोस्टोव्हस्कीने ‘लेखकाची रोजनिशी’मध्ये लिहिले. क्रिमिया आणि कॉकेशस यांची दृश्ये परक्यांना कुतूहलाची वाटतील. पण उत्तरेकडची, मुख्यतः रशियन असलेली निसर्गचित्रे व्हिएन्नात फारसा परिणाम करणार नाहीत, अशी शंका त्याने व्यक्त केली. वैशिष्ट्याचा अभाव हेच ज्याचे वैशिष्ट्य असा तो निसर्ग, आणि तोच रशियन माणसाला प्रिय, असा त्याचा मुद्दा होता. कुइंजीच्या वालाम बेटावरील चित्रातील दलदल आणि दोन बर्च यांत असे विशेष ते काय, आणि तरीही ते इतके चांगले का, हा प्रश्न त्याने जवळजवळ अनुत्तरित ठेवला.

डोस्टोव्हस्कीचे निरीक्षण मार्मिक आहे, पण त्याचा निष्कर्ष तपासण्याजोगा आहे. भाव पोहोचण्यासाठी पूर्वसंस्कार लागतो, हे त्याला बरोबर दिसले. तो संस्कार जन्माने वा वंशाने मिळतो असे मात्र त्यातून निष्पन्न होत नाही. ज्याच्या चित्राचा त्याने दाखला दिला तो अर्खिप कुइंजी मारिउपोल येथील ग्रीक कुटुंबात जन्मलेला होता. रशियन उत्तरेचा ‘आत्मा’ त्याने शिकूनच मिळवला होता.

६

या विसंगतीचे सर्वांत तीव्र रूप सव्रासोव्हच्या शिष्यामध्ये आढळते. मॉस्कोच्या चित्र, शिल्प आणि वास्तुकला विद्यालयात सव्रासोव्ह १८५७पासून निसर्गचित्राचा वर्ग चालवीत होता. विद्यार्थ्यांना तो शहराबाहेर उघड्यावर नेऊन काम करवून घेई. त्याच्या विद्यार्थ्यांत इसाक लेवितान आणि कोन्स्तान्तिन कोरोविन होते. १८८२मध्ये सव्रासोव्हला विद्यालयातून काढण्यात आले; दारूचे व्यसन आणि दारिद्र्य यांत त्याची अखेरची वर्षे गेली, आणि पोटासाठी ‘रूक’च्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या रंगवण्याची पाळी त्याच्यावर आली. ज्या चित्रात ‘आत्मा’ सापडला म्हणून रशियन निसर्गचित्राचा नवा आरंभ मानला जातो, ते त्याच्याच हातून बाजारातला नग बनले. १८९७मध्ये तो वारला तेव्हा लेवितानने ‘रुस्किये वेदोमोस्ती’ या वृत्तपत्रात मृत्युलेख लिहिला आणि निसर्गचित्रातील भावगेयता व जन्मभूमीवरील अमर्याद प्रेम यांचा आरंभ सव्रासोव्हपासून झाल्याचे सांगितले.

हे लिहिणाऱ्या लेवितानला त्या जन्मभूमीने दोनदा मॉस्कोबाहेर घालवले होते. तो ज्यू होता. १८७९मध्ये झारवरील हल्ल्यानंतर ज्यूंवर आलेल्या निर्बंधांमुळे विद्यार्थिदशेतच त्याला शहर सोडावे लागले. त्याच वर्षीचे त्याचे ‘शरदातील दिवस. सोकोल्निकी’ हे चित्र पुढे त्रेत्याकोव्हने घेतले. १८९२मध्ये, फिरत्या प्रदर्शनांच्या मंडळाचा सदस्य झाल्यानंतरच्या वर्षी, त्याच्यावर पुन्हा तीच वेळ आली आणि मित्रांनी खटपट केल्यावरच त्याला परतता आले. ‘व्लादिमिर्का’ हे त्याचे चित्र याच वर्षीचे. मॉस्कोहून पूर्वेकडे जाणारा हा रस्ता. याच रस्त्याने कैद्यांचे तांडे सायबेरियाकडे पायी चालवले जात. चित्रात कैदी नाहीत. ढगाळ आकाशाखाली क्षितिजापर्यंत गेलेला रुंद रस्ता, त्याच्या कडेच्या पायवाटा आणि एक लहानशी यात्रेकरू आकृती एवढेच आहे. रस्त्याचे नाव ज्याला माहीत नाही त्याला ते एक उदास निसर्गचित्र वाटेल. नाव कळताच त्या पायवाटा कोणी पाडल्या हे दिसू लागते. ‘रूक’मधील निर्मनुष्यता जमिनीचा प्रश्न दूर ठेवते, तर ‘व्लादिमिर्का’तील निर्मनुष्यता गैरहजर माणसांकडेच बोट दाखवते. एकाच परंपरेत एकच युक्ती दोन विरुद्ध कामे करते. निसर्गभाव हा ज्ञानाचाही एक प्रकार आहे, हे या चित्राने दाखवून दिले.

प्रदर्शनातील प्रेक्षकाच्या मनात नेमके काय घडते याचे सर्वांत सूक्ष्म चित्रण लेवितानचा मित्र चेकॉव्ह याने केले आहे. ‘तीन वर्षे’ (१८९५) या दीर्घकथेत यूलिया ही तरुण स्त्री ईस्टरच्या आठवड्यात याच विद्यालयातील प्रदर्शनाला जाते. चित्रातील वस्तू मुठीच्या पोकळीतून पाहिल्यावर खऱ्यासारख्या दिसल्या की चित्र चांगले, अशी तिची आजवरची समजूत. एका छोट्या निसर्गचित्रासमोर ती थबकते. नदीवरचा लाकडी पूल, गवतात नाहीशी होणारी पायवाट, रानाचा तुकडा, शेकोटी आणि मावळतीचा उजेड. आपण त्या वाटेने चालत आहोत असे तिला वाटू लागते, हे ढग आपण पूर्वी कितीदा तरी पाहिले आहेत असे वाटते, आणि एकाकीपण जाणवते. बरोबरच्या पुरुषांना त्या चित्रात विशेष काही दिसत नाही. घरी आल्यावर दिवाणखान्यातील मोठे चित्र तिला असह्य होते.

या प्रसंगाचा विचार निसर्गप्रेमाचा गोड दाखला म्हणून केल्यास त्यातील धार हरवते. यूलिया प्रेमाशिवाय केलेल्या लग्नात, श्रीमंत व्यापारी घराण्यात अडकली आहे. चित्रातील वाट तिला निसर्गाकडे नेते त्यापेक्षा अधिक स्वतःच्या परिस्थितीकडे नेते. सव्रासोव्हच्या चित्रात रिकामी असलेली आश्रयाची जागा ती घेते, आणि तेथून परत पाहताना तिला आपले घर प्रथमच दिसते. निसर्गभावाची ही टीकात्मक शक्ती आहे, आणि ती गर्दीच्या प्रदर्शनात, न उमजणाऱ्या सोबत्यांच्या उपस्थितीत प्रकट होते.

७

फिरत्या प्रदर्शनांचे मंडळ १९२३पर्यंत टिकले. त्यापूर्वीच नव्या पिढीने त्याला जुनाट ठरवले होते. पुढे समाजवादी वास्तववादाने त्याच चित्रकारांना पूर्वसूरी म्हणून प्रतिष्ठित केले. ‘रूक’ शालेय पुस्तकांत गेले, मुलांनी त्यावर निबंध लिहिण्याची प्रथा पडली आणि क्राम्स्कोयने तुलनेतून शोधलेला ‘आत्मा’ पाठ करण्याची गोष्ट झाली. शेजारची चित्रे नाहीशी झाली की तुलनाही नाहीशी होते; मग एका दालनात काही चित्रांमधून निवडून दिलेला निर्णय भूमीचा अंगभूत गुण वाटू लागतो. हा ‘आत्मा’ रशियन म्हणून मिरवताना त्याच्या घडणीत कीव्ह-खार्कोव्हच्या प्रेक्षकांचा, मारिउपोलच्या ग्रीकाचा आणि हद्दपार केलेल्या ज्यू चित्रकाराचा किती वाटा होता हे विसरणे सोपे जाते.

या इतिहासातून निसर्गभाव खोटा ठरत नाही. मोल्वितिनोच्या ओल्या बर्फासमोर सव्रासोव्हला जे जाणवले, आणि कल्पित चित्रासमोर यूलियाला जे जाणवले, त्याच्या सच्चेपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मात्र तो भाव कोणाला उपलब्ध झाला, कोणत्या वाचनाने आणि कोणत्या व्यवस्थेने झाला, आणि त्याच्या नावावर पुढे कोणी कशावर हक्क सांगितला, हे प्रश्न त्या भावाच्या आस्वादाबाहेरचे मानता येत नाहीत. निसर्गकवितेचे आणि निसर्गचित्रांचे मूल्यमापन करणाऱ्या समीक्षेने उत्कटतेची नोंद घेऊन थांबू नये. उत्कट कृतीच्या शेजारी त्या काळी आणखी काय टांगलेले होते, आणि ते पाहायला कोणाला आत येता येत होते, याची चौकशीही तिने करावी लागेल.